टाकीखालच्या दोन कुंड्या

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

हात धुऊन लिहायला बसले तरी कागदाला डिंक लागलाच. चालवून घे. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि ही बातमी ओरडून सांगण्यासारखी नाही. म्हणजे आहे, पण अख्ख्या इमारतीला कळेल!

आमच्या वनस्पतिसंग्रहालयाच्या तळघरातल्या एक्केचाळीस नंबरच्या कपाटाचा पाय मोडला. दुरुस्तीसाठी ते सरकवलं, तर मागे भिंतीला टेकून एक गठ्ठा उभा. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वर सुतळी. ऐंशी वर्षं तो तिथे उभा आहे आणि आम्ही सगळे त्याच्यासमोर डबे खातोय. सुतळी सोडली आणि अक्षर ओळखलं. टोपीवाले! तुला सांगितलं होतं ना, आमच्या जिन्यात ज्यांचा टोपीतला एकुलता एक फोटो आहे, ज्यांनी एकाच टेकडीवर आयुष्यभर झाडं गोळा केली, ते. आत एकोणीस वाळवलेली रोपं. अठरा ओळखीची. एकोणिसावं मात्र कुणाचंच नाही!

पानं बोटासारखी अरुंद, जाड, अंगभर पांढरी लव. त्याचं सगळ्यात जवळचं नातेवाईक आमच्याच कपाटात आहे, तेही टोपीवाल्यांनीच आणलेलं. वाळवून डकवलेला त्याचा एवढाच एक कागद अख्ख्या जगात आहे. पुढे ती टेकडी खाणीसाठी कापली गेली आणि ते झाड पुन्हा कुणाला दिसलं नाही. रजिस्टरात त्याच्या नावाखाली लाल रेघ आहे. आमच्याकडे लाल रेघ म्हणजे झाड संपलं. पण त्याची पानं रुंद आणि गुळगुळीत. शिवाय त्याच्या चिठ्ठीवर लिहिलंय ‘ओढ्याकाठी, दाट झाडीत’ आणि माझ्या रोपाच्या चिठ्ठीवर ‘उघड्या कातळावर’. फूल दोन्हीचं साधारण सारखं, पण घरं वेगळी, कपडे वेगळे, म्हणजे माणसंही वेगळीच ना?

मामा, ही नवी प्रजाती आहे, मला आतून वाटतंय. तू अकरा वर्षं त्या मध्ययुगातल्या युरोपी साधूची वही भाषांतरित करतोयस. वेगळं कधी म्हणायचं, हे त्याने लिहिलंय का? लगेच सांग.

तुझी भुंगी


८ फेब्रुवारी

चिरंजीव भुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना माझा चष्मा चहात पडला. तुझी मामी म्हणाली, आता तरी तो धुतला जाईल.

अगं, लिहिलंय का म्हणून काय विचारतेस! माळीबुवांनी (मठाची बाग यांच्याकडे होती, म्हणून मी त्यांना माळीबुवाच म्हणतो) अख्खी वही याच भांडणावर लिहिली आहे. आठशे वर्षांपूर्वी त्या मठांमधून लोक यावरून हातघाईवर येत. एक पक्ष म्हणे, बागेत शंभर गुलाब आहेत आणि त्यांच्याखेरीज ‘गुलाबपण’ म्हणून एक खरीखुरी वस्तू आहे, ती सगळ्यांत वाटलेली आहे. दुसरा पक्ष म्हणे, कसलं डोंबलाचं गुलाबपण! आहेत ते शंभर गुलाब. ‘गुलाब’ हे तर नुसतं नाव, आणि नाव म्हणजे तोंडातून निघालेला वारा. मी चाळीस वर्षं वर्गात दुसऱ्या पक्षाची बाजू घेतली, हे तुला ठाऊकच आहे.

माळीबुवा मात्र दोन्ही पक्षांना खुरपं दाखवतात. म्हणतात, प्रत्येक झाडाचे काही गुण गाभ्याचे असतात आणि काही अंगरख्याचे. अंगरखा बदलला तरी झाड तेच राहतं. तुझ्या मामीच्या भावाने दाढी वाढवली म्हणून तो दुसरा कुणी झाला नाही. झाला असता तर बरंच झालं असतं. पण गाभा बदलला, की झाड दुसरं.

आता गाभा ओळखायचा कसा? बुवा म्हणतात, ‘बी पेरा आणि गप्प बसा.’ तुझ्या गठ्ठ्यात बी आहे का? असेल तर पाठव! ऐंशी वर्षांचं बी उगवणार नाही हे मलाही कळतं, पण पेरायला काय जातं? मला तर आज विशीतला झाल्यासारखं वाटतंय.

मामा


१४ फेब्रुवारी

मामा,

सोबतचं पाकीट हळू उघड. आत दहा काळ्या बिया आहेत. वर्तमानपत्राच्या घडीत सांडलेल्या होत्या. ना कागदावर डकवलेल्या, ना रजिस्टरात मोजलेल्या. तरी इथून काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही असा नियम आहे आणि तो मी मोडलाय. कुणाला बोलू नकोस. दोन्ही रोपांची चित्रंही काढून पाठवतेय, माझं अरुंद पानांचं आणि ते लाल रेघेवालं.

आता खरी गोष्ट. संचालकबाईंना रोप दाखवलं. त्यांनी भिंगातून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा भिंगातून. म्हणाल्या, “तीस एप्रिलपर्यंत लेख पाठव. मे महिन्यात समिती बसणार आहे. एकच कायमची जागा आहे, आणि नवी प्रजाती जिच्या नावावर असेल तिला ती कुणी नाकारणार नाही.” मामा, मी सहा वर्षं इथे तात्पुरती आहे. सहा वर्षं दुसऱ्यांनी आणलेल्या झाडांना डिंक लावतेय. जूनमध्ये माझा करार संपतो. जागा मिळाली नाही तर मला हे तळघर सोडावं लागेल, आणि खरं सांगते, मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायचंही नाही.

आणि प्रजातीला नाव द्यायचा मान माझा. मी ठरवून टाकलंय. तुझं नाव देणार! पान उलटं करून बघायला मला तूच शिकवलंस. मी सात वर्षांची होते तेव्हा म्हणालास, “पानाचा चेहरा सगळेच बघतात, पाठ बघ.” नाही म्हणायचं नाही.

भुंगी


२० फेब्रुवारी

भुंगे,

मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस, आधीच गुडघे दुखतात. नाव म्हणजे वारा, हे मी तुला मागच्याच पत्रात लिहिलं. मला त्या सन्मानाचं काही म्हणजे काही वाटत नाही.

सहज एक विचारतो, नुसती उत्सुकता म्हणून. त्या लॅटिन नावात माझं पाळण्यातलं नाव बसेल की आडनाव? शेवटी काय जोडतात? आणि छापताना पहिलं अक्षर मोठं असतं का?

बिया पेरल्या. मी तशाच मातीत खोचणार होतो, तर मामी म्हणाली, “अहो, दगडासारखं बी आहे, असं कसं उगवेल?” तिने उकळतं पाणी जरा निवू दिलं, बिया रात्रभर त्यात ठेवल्या. ही विद्या कुठल्याच वहीत नाही. मग रंगाचे चार रिकामे डबे आणि चार मातीच्या कुंड्या भरल्या, आणि आठही वर गच्चीवर उन्हात ठेवायला सांगितल्या, कारण तुझ्या चिठ्ठीत ‘उघडा कातळ’ आहे. मामीने पाणी घालायचं काम घेतलंय. मी वहीत बुडालोय. बुवांचं एक वाक्य काल सापडलं: ‘जो नाव घेऊन बागेत शिरतो, त्याला नावच उगवलेलं दिसतं.’ काय माणूस होता!

मामा


६ मार्च

भुंगे! भुंगे! भुंगे!

उगवलं! डब्यांतून तीन कोंब! ऐंशी वर्षं कपाटामागे झोपून आज जागं झालंय. मी मामीला हाक मारली तर ती म्हणे, “मला परवाच दिसलं, म्हटलं तुमचं तुम्हाला सापडू दे.” दोन-दोन पानं आलीत, एवढीशी, आणि त्यांवर लव! तुझीच लव! मी आज दुपारी झोपलो नाही. शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, पोस्टमनला, सगळ्यांना वर नेऊन दाखवलं.

मामा


११ मार्च

मामा, मी तळघरात नाचले. शपथ. शिपाईकाकांनी डोकं आत घालून विचारलं, झुरळ निघालं का.

तुझी रोपं लेखात घालतेय. बियांचं प्रकरण बाईंना नंतर सांगीन, आधी रोपं मोठी होऊ देत. ‘बीपासून वाढवल्यावरही अरुंद, लवदार पानं कायम राहिली.’ हे वाक्य गेलं की कुणाची टाप आहे शंका घ्यायची! दर आठवड्याला कळव.

भुंगी


१२ एप्रिल

मामा,

महिना झाला, तुझं अक्षर नाही. मी तीन पत्रं टाकली. फोन केला तर मामी म्हणते, “हे बरे आहेत, जेवताहेत,” आणि विषय बदलते. बरा असशील तर मग रागावलास का? मी लॅटिन शेवटाबद्दल तुझी थट्टा केली म्हणून? गंमत केली रे. का रोपं मेली? मेली असतील तर मेली म्हण, मी समजून घेईन.

अठरा दिवस उरलेत. तुझ्या एका ओळीसाठी लेख अडलाय.

भुंगी


१७ एप्रिल

चि. भुंगीस मामीचा आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा जसं सुचेल तसं लिहिते. फोनवर बोलता येत नाही कारण हे समोरच बसलेले असतात. आत्ता नखं कापायला बाल्कनीत गेलेत.

यांना काही झालेलं नाही. खाई त्याला खवखवे, तसं चाललंय. जेवताना घास हातात धरून बसतात. दिवसातून दहा वेळा टाकीखाली जाऊन वाकून बघतात आणि उसासे टाकतात. वही उघडलेली नाही तीन आठवडे. मी विचारलं तर म्हणाले, “तू भुंगीला काही लिहू नकोस.” म्हणून लिहितेय.

चूक माझी आहे. यांनी आठही गच्चीवर न्यायला सांगितलं होतं. रंगाचे डबे हलके, ते मी नेले. पण मातीच्या कुंड्या घेऊन शेवटच्या सात पायऱ्या चढायला माझी कंबर धजेना, तेव्हा त्या खालीच टाकीखाली सावलीत ठेवून दिल्या. पाणी घातलं की झालं, म्हटलं. यांना काय कळतंय, हे वहीत. त्यांतल्या दोन कुंड्यांतही उगवलं. पण तिथली पानं अगदी वेगळी, माझ्या तळहाताएवढी रुंद आणि गुळगुळीत, लव नाही काही नाही. मी बियांच्या पाकिटातली तुझी चित्रं शेजारी धरून बघितली. वरच्या डब्यांतलं तुझं चित्र आहे आणि खालच्या कुंड्यांतलं ते दुसरं, लाल रेघेवालं. बी तर एकाच पाकिटातलं, माझ्या हाताने भिजवलेलं. मला तर दोन्ही एकच दिसतात गं. उन्हात राबलेली बाई आणि सावलीत बसलेली बाई, एवढाच फरक.

हे मला म्हणाले, “हे तिला कळलं तर तिची जागा गेली.” तुझी जागा माझ्या कंबरेपायी जाणार असेल तर मला माफ कर. पण तुला खोटं छापू द्यायचं, हे काही मला पटेना.

मामी


२१ एप्रिल

भुंगे,

हे पत्र चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहितोय. लेख पाठवू नकोस. तुझी प्रजाती नवी नाही. टाकीखाली त्याच बियांतून रुंद पानांची रोपं आली आहेत, आणि ती हुबेहूब तुझं दुसरं चित्र आहेत. लव, अरुंदपणा, जाडी, हा सगळा उन्हाने घातलेला अंगरखा. गाभा एकच.

हे मला तेवीस मार्चला कळलं. महिनाभर मी गप्प बसलो. तुझ्या जागेसाठी गप्प आहे, असं मी स्वतःला सांगत होतो. ते निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मला ते नाव हवं होतं, भुंगे. चाळीस वर्षं पोरांना सांगितलं की नाव म्हणजे वारा, आणि म्हातारपणी त्या वाऱ्यासाठी मी तुला खड्ड्यात पडू देणार होतो. मी वहीच्या मागच्या पानावर ते लॅटिन नाव सात प्रकारे लिहून पाहिलं होतं. मोठं अक्षर, लहान अक्षर.

आणखी ऐक. भाषांतराच्या तिसऱ्या वर्षी मी माझ्या हाताने ही ओळ मराठीत आणली आहे: ‘ऊन आणि सावली या दोन शिंपिणी, एकाच अंगाला दोन अंगरखे शिवतात.’ खाली लिहिलंय ‘वा!’ आणि तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला ती आठवली नाही. अकरा वर्षं वाचून मी कोराच. मामीने कधी वही उघडली नाही, आणि तिला चित्रं शेजारी धरल्याबरोबर कळलं.

तुझी जागा जाईल, हे मला कळतंय. मला वाईट वाटतंय, फार वाईट. जमलं तर बोल माझ्याशी.

मामा


२१ एप्रिल

मामा!!! मामी!!!

मामीचं पत्र आत्ता मिळालं. मामा, तू मूर्ख आहेस, आणि मी तुझीच भाची!

हो, नवी प्रजाती गेली. मी जिन्यात बसून पाच मिनिटं रडले, खोटं कशाला सांगू. सहा वर्षं डोळ्यांपुढून गेली. मग टोपीवाल्यांच्या फोटोकडे बघितलं आणि उठून उभीच राहिले. मामा, लाल रेघ! लाल रेघ विसरलास? त्या झाडाला ऐंशी वर्षांत कुणी जिवंत पाहिलेलं नाही! टेकडी गेली, ओढा गेला, झाड संपलं असं सगळ्या जगाने मानलं. आणि ते तुमच्या टाकीखाली उभं आहे! तू महिनाभर त्याच्यापुढे उसासे टाकत बसलायस! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. हे एक आहे की दोन, यातच आपण एवढे गुंतलो की ते आहे, हे आपल्याला दिसलंच नाही.

मी पळत बाईंच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं, बिया चोरून पाठवल्या तेही. त्या इतक्या झटकन उठल्या की खुर्ची मागे आडवी पडली. म्हणाल्या, “पाणी कोण घालतंय?” मी म्हटलं, मामी. म्हणाल्या, “तिलाच घालू दे. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. तुझ्या मामालासुद्धा.”

बाई आणि मी परवा सकाळच्या गाडीने पोचतोय. हे पत्र आधी पोचतंय की आम्ही, बघू!

भुंगी

ता.क. मामा, रागावले नाहीये. पण महिनाभर माझ्यापासून लपवलंस, त्याचं भेटल्यावर बोलू. बोलूच.


१६ मे

प्रिय मामी,

काल समितीची बैठक झाली. बाईंनी तुझी एक कुंडी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “नव्या प्रजाती वर्षाला दोन-चार सापडतात. संपलेली परत आलेली मी पस्तीस वर्षांत पाहिली नाही.” मला जागा मिळाली! कायमची! बिया बाहेर नेल्याबद्दल लेखी ताकीदही मिळाली. दोन्ही कागद एकाच पाकिटात घालून दिले.

लाल रेघ कशी काढायची, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. आजवर कधी काढायची वेळच आली नव्हती, त्यामुळे नियमच नाही. शेवटी बाईंनी पट्टी धरून रेघेवर बारीक काट मारली आणि शेजारी सही केली. मी बघत होते. मला रडू आलं, त्यांनाही आलं.

झाडाचं नाव जुनंच राहतं. आधी दिलेलं नाव मोडत नाहीत, तेव्हा मामाचा वारा मामापाशीच राहिला. पण नव्या कागदावर एक चिठ्ठी लावावी लागते: कुठे मिळालं, कुणाकडून. ती मीच लिहिली. ‘घराच्या गच्चीच्या पायऱ्यांपाशी, पाण्याच्या टाकीखाली, सावलीत. वाढवणारी व्यक्ती’, आणि पुढे तुझं नाव. अमक्याची पत्नी वगैरे काही नाही. तुझं नाव, पूर्ण. चिठ्ठीची नक्कल सोबत आहे. हा कागद आमच्या कपाटात अजून दोनशे वर्षं राहील.

भुंगी


२२ मे

चि. भुंगीस आशीर्वाद.

चिठ्ठी मिळाली. यांनी ती मला तीन वेळा मोठ्याने वाचून दाखवली, मग शेजाऱ्यांना, मग पोस्टमनला. पोस्टमन म्हणाला, “अहो, पण आणली मीच!”

तुला एक सांगू का? विजेच्या बिलावर यांचं नाव, दारावरच्या पाटीवर यांचं. मला सगळे मामी म्हणतात, काकू म्हणतात, वहिनी म्हणतात. माझं स्वतःचं नाव कुणी लिहिलेलं मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं. चिठ्ठीवर पाहिलं तेव्हा क्षणभर वाटलं, ही कोण बाई? मग खूप बरं वाटलं. फार म्हणजे फारच बरं वाटलं.

यांनी वही पुन्हा उघडलीय. ‘नाव म्हणजे वारा’ याच्यापुढे समासात लिहिलंय, ‘आमच्या घरी तसं नाही.’ मला वाचून दाखवलं नाही, पण मी वाचलं.

परवा टाकीखालच्या कुंडीला फूल आलं. हे म्हणाले, जरा उन्हात नेऊ या का तिला? मी म्हटलं, न्या की, उचला. चौथ्या पायरीपर्यंत नेली आणि परत खाली आणली.

त्या कुंडीवर मी खडूने माझं नाव लिहिलंय. पावसात जाईल. जाऊ दे, तुमच्या कपाटात आहे.

मामी